बायपासची बोळ

दुपारी सव्वा वाजता आम्ही जेवायला बसलो होतो आणि ताटातली शेंगाचटणी दिसेनाशी झाली. म्हणजे चटणी होती तिथंच होती, उजेड गेला. मला वाटलं ढग आला. मग ढगाला हॉर्न आहे असं लक्षात आलं. खिडकीभर एक निळा पत्रा उभा होता, तो थोडा पुढे सरकला आणि खिडकीत एका माणसाचं तोंड आलं. आमचं घर जोत्यावर आहे, चार पायऱ्या चढून. त्यामुळे ट्रकच्या केबिनमधला माणूस आणि आमच्या टेबलाशी बसलेला माणूस साधारण एकाच उंचीवर येतात, हे तपासून बघायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. त्यानं आधी भाकरीकडे बघितलं, मग माझ्या आईकडे, अव्वाकडे, आणि पाहुण्याघरी विचारावं तशा आवाजात विचारलं, "बायपास हाच का?" आणि माझे वडील, तोंडात घास असताना, म्हणाले, "हो."

तिथून मला अप्पांचाही संशय यायला लागला. तोवर बाकी सगळ्यांचा येत होता.

अडचण अशी होती की अप्पा खोटं बोलले नव्हते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची बायपास झाली. त्याआधी आमच्या बोळीत दोन शिवशरणअप्पा होते, एक किराणावाले आणि एक आमचे, आणि आमच्यांना काही विशेषण नव्हतं. जिल्हा परिषदेत अठ्ठावीस वर्षं आवक-जावक लिहिली, पण 'आवक-जावकवाले अप्पा' असं कोण म्हणणार. ऑपरेशन झालं आणि नावाचा प्रश्न सुटला. गॅसवाला म्हणायला लागला, बायपासवाल्या अप्पांकडं एक टाकी द्यायची हाय. मग घर बायपासचं झालं, मग वळण, मग अख्खी बोळ. सोलापुरात बाळीवेशीत उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'बायपासची बोळ' म्हटलं की तो आणून सोडतो. मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात मजकूर जुळवतो, तिथंही मी 'बायपासचा विरेश' आहे. अव्वाला हे आवडत नाही, ती म्हणते माणसाच्या दुखण्यावरनं पत्ता सांगू नये. अप्पांना फार आवडतं. पाहुणा आला की ते सदऱ्याचं वरचं एक बटण काढतात, आणि पाहुणा ओळखीचा असेल तर दुसरंही.

खरा बायपास गावाबाहेर आहे. पुण्याकडनं येऊन विजापूरकडे जाणाऱ्या मोठ्या गाड्यांनी तिथनं जायचं, गावात शिरायचंच नाही, यासाठी तो बांधला आहे. आमची बोळ एका कंटेनरला पुरते आणि दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा उरते. त्या वीतभर जागेत पूर्वी काय काय असायचं ते आता सांगत बसत नाही. पहिला ट्रक आला तेव्हा पोरं टाळ्या वाजवत मागे धावली. दुसऱ्या दिवशी दोन आले. आठवड्यानं दिवसाला नऊ. कुणी म्हणालं ड्रायव्हर दारू पितात, कुणी म्हणालं महापालिकेचा डाव आहे, बोळ रुंद करायची आहे. मग कळलं की सगळ्यांच्या फोनमधला नकाशा त्यांना इकडे पाठवतो. एका बाईचा आवाज येतो, "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," आणि चाळीस टन सिमेंट उजवीकडे वळतं. अव्वानं हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती बराच वेळ दारात उभी राहिली. "कुणाची पोरगी हाय ही?" ती म्हणाली. "आपल्याकडची वाटत न्हाय. आपल्याकडची असती तर हितं वळा म्हनली नसती."

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. मी बऱ्याच गोष्टी हसून सोडून देतो, तसा माझा लौकिक आहे. पण डॉक्टरांनी अप्पांना चालायला सांगितलं होतं. ऑपरेशननंतर घरी सोडताना त्यांनी अप्पांना समोर बसवून सांगितलं की गोळ्या एक वेळ विसरा, चालणं विसरू नका. अप्पांना मैदान, बाग, तलाव काही चालत नाही, तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही म्हणतात. ते बोळीतच चालतात. या टोकापासून वळणापर्यंत एकशे दहा पावलं. सकाळी बारा फेऱ्या, संध्याकाळी आठ. एवढं चालून सहा वर्षांत कन्याकुमारी कधीच गाठली असती, फक्त वळण आलं की ते परत फिरत. त्यांच्या चपलांचा आवाज बोळीला घड्याळासारखा झाला होता, कुकर कधी लावायचा ते बायका त्यावरनं ठरवत. मग एक दिवस ते बोळीच्या मध्यावर असताना समोरनं ट्रक शिरला. मागे पळायला पाय नाहीत, पुढे जायला जागा नाही. अप्पा समोरच्या मुकुंद सरांच्या भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभे राहिले आणि ट्रक त्यांच्या सदऱ्याच्या बटणांवरनं सरकत गेला. मध्येच तो बंद पडला. अकरा मिनिटं अप्पा भिंत आणि ट्रकच्या मध्ये होते. बाहेर आले तेव्हा सदऱ्यावर एक काळा पट्टा होता, आणि ते सरळ घरात गेले, आणि त्यानंतर चार पायऱ्या उतरून खाली आले नाहीत.

तेवीस दिवस. घोटे सुजले. अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडतो आणि खड्डा तसाच राहतो, कणकेत राहतो तसा. देव्हाऱ्यापर्यंत जाताना ते मध्ये खुर्ची धरतात आणि खुर्ची नीट ठेवायला थांबलो असं दाखवतात. डॉक्टरांनी विचारलं, "चालणं बंद केलंत का?" अप्पा म्हणाले, "रस्ता बिझी आहे." डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, असंच बसून राहिले तर मी काही सांगू शकत नाही. डॉक्टर जेव्हा 'सांगू शकत नाही' म्हणतात तेव्हा ते सांगून झालेलं असतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बोळ मोकळी झाली नाही तर अप्पा जातील. आणि बोळ आपोआप भरली नव्हती, कुणीतरी भरली होती. तो कोण, हे मला कळायला हवं होतं.

बसूचा संशय पहिला आला. बोळीच्या तोंडाशी त्याचं पंक्चरचं दुकान, पूर्वी सायकलींवर चालायचं, आता त्यानं दोरीला दहा चाकांच्या ट्रकचं टायर टांगलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "मी कशाला करू? मला मॅप लावता येत न्हाय. मला बायकोचा नंबर बी पाठ न्हाय." जो माणूस विचारलं त्याहून एवढं जास्त सांगतो त्याच्याकडे नीट बघावं. अव्वाचाही आला. ती अडकलेल्या ड्रायव्हरांना पाणी द्यायची आणि त्यांच्या घरची सगळी माहिती काढून घ्यायची. कुणाची मुलगी बारावीला आहे, कुणाच्या सासूचं डोळ्याचं झालं. टीव्ही बंद पडल्यापासून तिला विरंगुळा नव्हता, हे मी विसरलो नव्हतो. पण सगळ्यांत जास्त संशय मुकुंद सरांचा. सर आमच्या समोर राहतात, मला सातवीत मराठी शिकवायचे, आता निवृत्त आहेत. पहिल्या दिवसापासून ते व्हरांड्यात बसून एका दोनशेपानी वहीत ट्रकचे नंबर लिहीत होते. मी जवळ गेलो की वही मिटत. मिटताना बोट आत ठेवत. ज्याला लपवायचं नसतं तो बोट ठेवत नाही, पूर्ण मिटतो. मी दोन दिवस यावर विचार केला.

तर त्या दुपारी अप्पा "हो" म्हणाले आणि निळा ट्रक पुढे गेला, म्हणजे वळणापर्यंत गेला आणि तिथं अडकला, कारण सगळेच तिथं अडकतात. आता उलटा काढायचा तर कुणीतरी केबिनमध्ये बसून डावीकडची भिंत सांगावी लागते. हे काम हळूहळू माझ्याकडे आलं होतं, आणि केबिनमध्ये मी भिंतीशिवाय काही बघत नसे. मी हात पुसून चढलो. ड्रायव्हरचं नाव धुळाप्पा, आळंदकडचा, पन्नाशीचा, डॅशबोर्डवर बेलपत्र सुकलेलं. मी म्हणालो, "मामा, तुम्ही नवीन आहात का या रस्त्याला?"

"नवीन कुठला? वीस वर्सं जातोय."

"मग बायपास माहीत नाही?"

"म्हायती हाय की. झोपेत सांगीन."

तो आरशात बघत होता. "आता सगळे मालक घरी बसून फोनवर गाडी बगत्यात," तो शांतपणे म्हणाला. "मॅपची निळी रेघ सोडली की फोन. का सोडलं? डिझेल विकायला गेला का? म्हून मी म्हनलं जाऊ दे, रेघ म्हनती तसं जायाचं. फकस्त एक करतो, रस्ता चुकला वाटला की तितल्या मानसाला इचारतो. तो 'न्हाय' म्हनला तर मालकाला सांगता येतं, मानसं न्हाय म्हनत्यात. हितं तुमचं वडील 'हो' म्हनले. आता मी काय करू, सांगा."

काही नाही, मी म्हणालो, डावीकडे चार बोटं आहेत, सरळ घ्या. आणि त्यानं रेघ दाखवायला फोन माझ्यापुढे धरला. रेघ आमच्या बोळीत शिरून आमच्या घरापाशी थांबत होती आणि आमच्या घरावर एक लाल टाचणी होती. टाचणीखाली लिहिलं होतं, 'बाय-पास'. मध्ये आडवी रेघ देऊन. आणि ती रेघ बघितल्यावर मला डावीकडची भिंत दिसेना, कारण ती रेघ माझी होती.

सहा वर्षांपूर्वी, ऑपरेशनच्या दिवशी, सकाळी आठला अप्पांना आत नेलं होतं. हिरव्या कपड्यात ते लहान दिसत होते, आणि जाताना मला म्हणाले होते, गॅसचा नंबर लावून ठेव. बाहेर लोखंडी खुर्च्या होत्या, एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे रांगेत कुणी रडलं की सगळ्यांना कळायचं. अव्वा पलीकडे जप करत होती. माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये काही नव्हतं, मी नकाशा उघडला आणि आमची बोळ मोठी करत गेलो. घराचं छप्पर दिसेपर्यंत. वरनं बघितलं तर पाण्याची टाकी आणि वाळत घातलेलं काहीतरी पांढरं दिसत होतं, बहुतेक अप्पांचं धोतर. नकाशानं विचारलं, ही जागा आमच्याकडे नाही, जोडायची का? मी टाचणी लावली. नाव विचारलं. मी लिहिलं. नंतर मी स्वतःला हा विनोद म्हणून सांगत आलो, आणि विनोद म्हणून वाईट नव्हता. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की आत कापलेला माणूस बाहेर आला तर त्याला जायला नाव असलेली एक जागा पाहिजे. बारा वाजता डॉक्टर बाहेर आले, चांगलं झालं म्हणाले, आणि टाचणी मी विसरलो ती विसरलो. ती सहा वर्षं तिथं टोचून उभी होती. कुणाला लागली नाही तोवर आपलीच गोष्ट असते, नंतर ती सार्वजनिक बांधकाम होते.

ट्रक निघाला. मी खाली उतरलो आणि मला बोळ वेगळी दिसायला लागली. बसू हात पुसत माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं का? अव्वा रिकामा तांब्या घेऊन दारात होती. तिला? इतके दिवस मी ज्यांच्याकडे बघत होतो ती सगळी माणसं कदाचित परत माझ्याकडे बघत होती, फक्त मी आपल्याच बघण्यात होतो. व्हरांड्यात सरांनी वही मिटली, बोट आत.

"ये," ते म्हणाले. "बस."

मी बसलो. त्यांनी वही उघडून पहिलं पान माझ्यापुढे केलं. ट्रकचे नंबर दुसऱ्या पानापासून होते. पहिल्यावर फक्त 'बाय-पास' एवढंच लिहिलं होतं आणि मधल्या रेघेला लाल शाईचं गोल.

"सातवी ब," सर म्हणाले. "सबंध वर्ष मी तुझा या रेघेपायी अर्धा-अर्धा गुण कापला. आई-वडील ठीक आहे. पाणी-पुरी लिहायचास. सोला-पूर लिहायचास. एकदा तर माझं नाव मु-कुंद लिहिलंस."

"कधीपासून माहीत होतं, सर?"

"पहिल्या ट्रकपासून. नातीनं फोनवर दाखवलं. म्हटलं, हा अक्षरशत्रू एकच."

"मग सांगितलं का नाही? अप्पा तेवीस दिवस घरात आहेत."

सरांनी वही मिटली, या वेळी पूर्ण. "तू आपणहून येतोस का बघत होतो," ते म्हणाले. "चुकलं माझं. शिक्षकाची खोड." आणि मग, अगदी वर्गातल्यासारखं, "खोड आता."

खोडायला गेलो तर नकाशा ऐकेना. मी लिहिलं, अशी जागा नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभार, परंतु गेल्या महिन्यात एकशे ब्याण्णव वाहनांनी या जागेला भेट दिल्याचं दिसतं, सबब जागा आहे. माझं खोटं इतक्या ट्रकांनी येऊन खरं केलं होतं. तरीही दोन पर्याय उरले होते. 'जागा तात्पुरती बंद आहे' आणि 'जागा कायमची बंद झाली आहे'. मी दुसऱ्यावर अंगठा नेला आणि आतनं अप्पा खोकले. एवढंच. पण मला तो अंगठा खाली नेता येईना. फोनवर लिहिलेलं होतं, बाय-पास, कायमचा बंद झाला आहे, खात्री आहे का? आणि बायपास पलीकडच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पेपर वाचत होता.

अव्वाला सांगावं लागलं. टाचणी कुणी लावली तेही. ती रागावली नाही, ते मला जास्त लागलं. "तात्पुरतं दाब," ती म्हणाली. "कायमचं म्हनायचं न्हाय. वरचा साकु, पुरे म्हनंपर्यंत तात्पुरतंच चालवायचं सगळं." मी तात्पुरतं दाबलं. दोन दिवस बोळ रिकामी राहिली. तिसऱ्या दिवशी एक ट्रक तोंडाशी थांबला आणि ड्रायव्हरनं बसूला विचारलं, बायपास कधी उघडणार. बसूनं सांगितलं, काम चालू हाय. संध्याकाळपर्यंत चार ट्रक वाट बघत उभे होते, आणि बसूनं त्यांच्यासाठी बाकडं टाकलं होतं.

मग मी अप्पांपुढे जाऊन बसलो. सगळं सांगितलं, खुर्च्या, धोतर, टाचणी. ते ऐकताना पायाकडे बघत होते.

"म्हणजे या गाड्या माझ्या नावानं येत होत्या," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटायचं गंमतीनं इचारत्यात. म्हून मी हो म्हनायचो. ओळख असल्यावर न्हाय कसं म्हनायचं?" त्यांनी उशी पायाखाली सरकवली. "लई लांबनं यायचे रे. एक तर मेघालयाचा होता."

"अप्पा, बंद करावं लागेल. कायमचं म्हणून. आणि माझ्या एकट्याच्या म्हणण्यावर होणार नाही, बरीच माणसं लागतील."

"मग माणसं गोळा कर," अप्पा म्हणाले. "आवक झाली तशी जावक. तुझ्या अव्वाला मात्र दाबायला लावू नको."

रविवारी सकाळी दहाला सरांनी बोळीला शिस्तीत बसवलं. प्रत्येकजण आपापल्या जोत्यावर, हातात फोन. सर मध्ये उभे राहून सांगत होते, जागेवर बोट ठेवा, आता बदल सुचवा, आता शेवटचा पर्याय, घाई नाही, शेजाऱ्याचं बघू नका. चौतीस माणसांनी आपल्या तोंडानं वाचून खात्री केली की बायपास कायमचा बंद झाला आहे. अव्वा आत जाऊन गॅस पुसत बसली, तो आधीच पुसलेला होता. मी सगळ्यांत शेवटी दाबलं. दाबताना मी फोनकडे बघितलं नाही, अप्पांच्या छातीकडे बघितलं. ती वर गेली. खाली आली. मी मेल्या माणसांच्या पत्रिकाही जुळवल्या आहेत, बाराव्याच्या, काळ्या किनारीच्या, आणि मला माहीत आहे की एकदा मजकूर गेला की लोक येतात. साडेदहाला नकाशावरनं टाचणी गेली. नुसतं छप्पर राहिलं.

यात एक चूक झाली. बसूला आनंद झाला नव्हता, पण आपण मागे नको म्हणून त्यानं स्टेटस ठेवलं: 'बायपास कायमचा बंद. बोळीवर शांतता.' खाली हात जोडलेले. बसूची सासुरवाडी मंद्रूप. आमचं मूळ गावही मंद्रूप. साडेअकराला बोळीच्या तोंडाशी टेंपो थांबला आणि त्यातनं चौदा माणसं उतरली. पुढे अप्पांचे चुलतभाऊ चनमल्लप्पाकाका, डोक्याला टॉवेल, हातात पुरुषभर उंचीचा झेंडूचा हार. मागनं काशम्माकाकी, तिनं टेंपोतच रडायला सुरुवात केली असावी, कारण आवाज बसलेला होता. अप्पा जोत्यावर चहा पीत होते.

काकीनं त्यांना बघितलं आणि ती रडायची थांबली नाही, फक्त सूर बदलला. काका पायरीशी उभे. बसू दुकानात शिरून टायरमागे उभा राहिला.

"कुणी सांगितलं?" अप्पांनी विचारलं.

"बंद झालं म्हनून आलं," काका म्हणाले. "बायपास. कायमचं."

"ते रस्त्याचं."

"आमाला काय ठावं. गावात सगळी म्हनली शिवशरण गेला." काकांनी हाराकडे बघितलं. "आता ह्याचं काय करायचं? ताजा हाय."

अप्पांनी कप खाली ठेवला. "आण हिकडं," ते म्हणाले. "उन्हाचं एवढ्या लांबनं आणलास." आणि अव्वा आतनं नको नको म्हणत येईपर्यंत त्यांनी मान पुढे केली होती. हार घोट्यांपर्यंत आला, सुजलेल्या. मग जोत्याचा कठडा धरून ते पहिली पायरी उतरले. थांबले. दुसरी. चौदा माणसं बाजूला झाली. चौथ्या पायरीनंतर बोळ होती, रिकामी, इकडनं तिकडे ऊन पडलेली.

ते चालायला लागले. जोत्याजोत्यांवरची माणसं उठून उभी राहिली आणि कुणीतरी सवयीनं हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले, आणि अप्पाही जोडलेल्या हातांना मान हलवत गेले. सरांच्या भिंतीपाशी आल्यावर त्यांनी भिंतीवरनं तळवा फिरवला आणि पुढे झाले. अव्वा दारात पाठ करून बसली. मी त्यांच्या मागे दोन पावलं राहिलो. पुढे कोण काय म्हणत होतं मला ऐकू येत नव्हतं, मी फक्त त्यांची चप्पल ऐकत होतो. ती वाजायची, मग मध्ये मोकळी जागा, पूर्वीपेक्षा मोठी. प्रत्येक मोकळ्या जागेत मला माझा अंगठा आठवायचा, आणि आपण काय दाबलं आणि ते कुठं कुठं जाऊन लागेल, आणि कुणी तपासतं का की बंद म्हटलेलं खरंच बंद झालं. वळण आलं. अप्पा थांबले, हार सावरला, परत फिरायचं सोडून तिथंच उभे राहिले. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. मग चप्पल वाजली.